घरचा अभ्यास कीं नोकरीचा अनुभव?

एकत्र कुटुंबांत उत्पन्न झालेला प्रश्न ज्याचा असतो त्याच्या एकट्याचा कधींच राहत नाहीं. माजघरापासून ओसरीपर्यंत प्रत्येकाजवळ त्याचें उत्तर तयार असतें. आमच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याचा निवाडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढें संस्कृताचें अध्ययन केलेला आणि सारा जन्म शाळेंत रूपें व संधि पाठ करून घेण्यांत घालविलेला मनुष्य. आणि प्रश्न तर होता नेटवर्क नांवाच्या अगदीं नव्या विद्येचा. तरीहि घरांतील वडील या नात्यानें मी निवाडा दिला. तो अर्धा चुकला. तशी चूक दुसऱ्या घरीं होऊं नये, एवढ्याच हेतूनें ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा पुतण्या बी.एस्सी. झाला, आणि त्यानें सी.सी.एन्.ए. नांवाची परीक्षा देण्याचें मनांत घेतलें. संगणक एकमेकांस जोडणारीं यंत्रें तयार करणाऱ्या सिस्को या अमेरिकन कंपनीनें ही परीक्षा १९९८ सालीं सुरू केली, आणि या क्षेत्रांत शिरूं पाहणारे तरुण आज जगभर ती देतात. त्याच सुमारास वाळूजच्या कारखान्यांतील संगणकांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदारानें त्यास नोकरी देऊं केली. पगार थोडा, काम पाळीचें, आणि आरंभ केबल ओढण्यापासून. मुलगा म्हणे, "काका, आधीं घरीं अभ्यास करून परीक्षा देतों, सर्टिफिकेट हातांत आलें म्हणजे नोकरी याहून चांगली मिळेल." त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधु, यांचें मत नेमकें उलट. "दादा, पाटावर पालथें पडून पोहणें शिकलेला कोणी पाहिला आहे का? तुम्हीच त्याला समजावून सांगा. आलेली नोकरी दाराशीं थांबत नसते."

समजावून सांगण्यापूर्वीं मला स्वतःलाच कांहीं समजणें अवश्य होतें. नेटवर्क म्हणजे काय, हें त्या मुलानें मला टपालाच्या उदाहरणानें शिकविलें. एका वाड्यांत कोणत्या खोलींत कोण राहतो हें पाठ असलेला शिपाई म्हणजे स्विच. आणि पाकिटावरील पत्ता वाचून तें कोणत्या गांवच्या थैलींत टाकावयाचें हें ठरविणारा टपालकचेरींतील कारकून म्हणजे राउटर. आपण पाठविलेला मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून, अंकांनीं लिहिलेल्या पत्त्यांवर या शिपायांच्या व कारकुनांच्या हातून जातो. कोणास कोणत्या दारानें जाऊं द्यावें, एक वाट बंद पडल्यास दुसरी कोणती धरावी, याच्या आज्ञा त्या यंत्रांस लिहून द्याव्या लागतात. त्या आज्ञा देण्याची, आणि सारें जाळें बंद पडल्यास कारण हुडकून काढण्याची जी विद्या, तिची ही परीक्षा.

आपल्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, या विद्येस काम किती आहे हें वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथें एक फेरी मारली तरी दिसेल. १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हां आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं मुलें लेथ आणि वेल्डिंग शिकण्यास धांवलीं. आज त्याच भागांत यंत्राची आज्ञा, मालाची नोंद, कामगाराची हजेरी आणि फाटकांतून सुटणाऱ्या मालमोटारीची पावती, सर्व या जाळ्यावरून चालतें. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारें १०,००० एकरांवर ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी वसविली जात आहे. तिच्या कचेरीच्या इमारतीचें, ऑरिक हॉलचें, उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्यें झालें. अशा ठिकाणीं जाळें तासभर थांबलें, तर मालमोटारींची रांग रस्त्यापर्यंत येते. म्हणून हें जाळें कोणाच्या हातीं द्यावें, आणि तो हात कसा तयार व्हावा, हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाहीं.

मुलानें माळ्यावर आपली प्रयोगशाळा मांडली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यानें दोन जुने स्विच आणि एक जुना राउटर आणविला होता. हीं यंत्रें मोठ्या कचेऱ्यांकरितां केलेलीं असल्यामुळें त्यांचे पंखे भयंकर घोंघावत. दुपारीं जरा डोळा लागावा तों माळ्यावर घरघर सुरू व्हावी. आमच्या मातोश्री खालून विचारीत, "अरे, वर गिरणी कसली चालविली आहे?" शेवटीं दुपारीं दोन ते चार गिरणी बंद, असा तह झाला. त्या वेळांत मुलगा पॅकेट ट्रेसर नांवाच्या साधनावर अभ्यास करी. तें सिस्को विद्यार्थ्यांस फुकट देते. साध्या संगणकाच्या पडद्यावर वीस राउटर मांडा, जोडा, मोडा, एक पैसा लागत नाहीं.

निवाडा देण्यापूर्वीं पंधरा सायंकाळ मी त्याच्या शेजारीं बसलों. एकदां त्याच्या एका चुकीच्या आज्ञेनें सारें जाळें कोसळलें. मी दचकलों, तो हंसला, आणि त्यानें तें पुन्हां उभें केलें. त्या एका सायंकाळीं त्यानें तें सात वेळां मोडलें आणि सात वेळां सांधलें. मला सुश्रुताची आठवण झाली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय 'योग्या' या विषयावर आहे. योग्या म्हणजे सराव. आपला 'योग्यता' हा शब्द त्याच धातूपासून आलेला. शिष्य सर्व शास्त्र शिकला तरी सराव केल्यावांचून तो शस्त्रकर्मास योग्य होत नाहीं, असें सांगून ग्रंथकार सरावाचीं साधनें देतो. कोहळा, दुध्याभोपळा, कलिंगड व काकडी यांवर कापण्याचा सराव करावा. कमळाच्या देठावर व मेलेल्या जनावराच्या शिरांवर वेध करण्याचा. किडीनें पोखरलेल्या लांकडावर सळई घालून शोध घेण्याचा. जाड कापडावर टांके घालण्याचा. आणि मनुष्याच्या आकाराच्या पुतळ्यास पट्ट्या बांधण्याचा. रोग्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं हात चुकून चुकून बसावा, आणि चुकीची किंमत कोहळ्यानें द्यावी, रोग्यानें नव्हे! माळ्यावरचे ते जुने स्विच म्हणजे या मुलाचे कोहळेच होते.

मी निवाडा दिला: आधीं अभ्यास, आधीं परीक्षा. बंधु कांहीं बोलले नाहींत. नोकरी दुसऱ्या कोणास मिळाली.

परीक्षेस अनुभवाची अट नाहीं. हाताखालीं वर्षभराचा अनुभव असावा अशी कंपनीची केवळ शिफारस आहे. वेळ १२० मिनिटें. फी ३०० डॉलर, म्हणजे आपल्या चलनांत पंचवीस हजारांहून अधिक, आणि नापास झाल्यास ती पुन्हां सर्व भरावयाची. विषयांची वांटणीहि ठरलेली आहे: मूलतत्त्वांस शेंकडा २०, जाळ्यांत प्रवेशास २०, पत्ते व मार्ग यांस २५, आनुषंगिक सेवांस १०, सुरक्षिततेस १५ आणि स्वयंचलनास १०. मुलगा आठ महिने नेटानें अभ्यास करून पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला. घरीं पेढे वांटले गेले, आणि मीहि मनांतल्या मनांत माझ्या निवाड्याची पाठ थोपटली.

नंतर पांच महिने गेले. जाहिरात येई ती दोन वर्षांच्या अनुभवाची. मुलाखतींत पहिला प्रश्न येई, "पूर्वीं कोठें काम केलें?" माळ्यावर, हें उत्तर कोणास पटणार? सर्टिफिकेट तीन वर्षेंच टिकतें. पुढें पुन्हां परीक्षा देऊन किंवा ठरलेलें अधिक शिक्षण घेऊन तें नवें करावें लागतें. त्या तीन वर्षांपैकीं पांच महिने असे ओसरीवर बसून गेले. मुलगा जेवतांना बोलेनासा झाला. बंधूंनीं मला एक शब्दानें दुखविलें नाहीं, आणि त्यामुळेंच मला अधिक लागलें.

त्या दिवसांत मी अशा परीक्षांची माहिती मिळवूं लागलों, तेव्हां असें दिसलें कीं, आमच्या ओसरीवरचा वाद परीक्षा घेणारांच्या घरींहि आहे. सिस्कोची सर्वांत वरची परीक्षा, सी.सी.आय्.ई., ही १९९३ सालीं निघाली. केवळ लेखी उत्तरांवर पदवी द्यावयाची नाहीं, हा तिचा मूळ बाणा. तिच्या क्रमांकांस १०२४ पासून आरंभ झाला, आणि तो पहिला क्रमांक कोणा मनुष्यास न देतां परीक्षेच्या प्रयोगशाळेसच देण्यांत आला! प्रारंभीं ही प्रत्यक्ष परीक्षा दोन दिवस चाले, आणि उमेदवाराच्या पश्चात् परीक्षक त्यानें उभारलेल्या जाळ्यांत मुद्दाम बिघाड करून ठेवीत. २००१ पासून ती एका दिवसाची झाली. आज ती आठ तासांची आहे. याच्या उलट, संगणकांच्या सुरक्षिततेविषयींची सी.आय्.एस्.एस्.पी. ही परीक्षा घ्या. तेथें परीक्षा उत्तीर्ण झालें तरी पांच वर्षांचा पगारी कामाचा अनुभव दाखविल्याशिवाय पूर्ण पदवी मिळत नाहीं. तोंपर्यंत उमेदवार केवळ सहयोगी. म्हणजे एकीनें कोहळ्यावरचा हात पाहिला, दुसरीनें रोग्यापाशीं काढलेलीं वर्षें मोजलीं. दोघींसहि एवढें पटलेलें होतें कीं, कागदावरची उत्तरें पुरेशीं नाहींत.

अखेर ज्या ठेकेदाराची नोकरी नाकारली होती त्याच्याकडेच मुलगा गेला, आणि पूर्वीं देऊं केलेल्या पगाराहून कमी पगारावर राहिला. रुजू होऊन महिना झाला नसेल तोंच श्रावणांतील एका रात्रीं वाळूजच्या एका कारखान्यांतील जाळें बंद पडलें. पाळीवर हा एकटा. कारखान्याचे अधिकारी भोंवतीं उभे, दर पांच मिनिटांनीं दूरध्वनि, आणि याच्या हाताला घाम. दीड तास तो यंत्रांतील आज्ञा एकामागून एक वाचीत होता. सर्व आज्ञा बरोबर होत्या. सुश्रुतानें एके ठिकाणीं म्हटलें आहे कीं, ज्यानें शास्त्र पढलें पण कर्म केलें नाहीं तो रोग्यासमोर येतांच, रणांगणांत आलेल्या भित्र्या मनुष्यासारखा गोंधळतो. दुसरे दिवशीं चहाच्या वेळीं मुलानें ती रात्र सांगितली, तेव्हां मला तें स्थळ आठवलें. पण मी तोंडानें बोललों नाहीं.

शेवटीं दुसऱ्या कारखान्यांतून एका जुन्या कारागिरास बोलावलें. वय पंचेचाळीस, शिक्षण दहावी, याच कामांत बारा वर्षें. सर्व त्यास मामा म्हणतात. त्यानें पडद्याकडे पाहिलेंहि नाहीं. स्विचवरचे सगळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकदम लुकलुकत होते. "भाऊ, आतां यंत्राला विचारूं नका, दिव्यांना विचारा," असें म्हणून त्यानें एकेक केबल उपटण्यास आरंभ केला. अकरावी केबल निघतांच दिवे शांत झाले. तिचा माग काढीत दोघे गोदामापर्यंत गेले. तेथें एका कारकुनास टेबलाखालीं केबलचें एक टोंक लोंबत असलेलें दिसलें होतें. बरें दिसत नाहीं म्हणून त्यानें तें जवळच्या लहान स्विचच्या रिकाम्या भोंकांत खोंचून ठेवलें. केबलचें दुसरें टोंक त्याच पेटींत होतें!

याचा परिणाम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. जाळ्यांतील कांहीं निरोप सर्वांसाठीं दवंडीसारखे असतात. स्विच ते आले त्या दाराखेरीज सर्व दारांनीं पुढें पाठवितो. वाट गोल झाली म्हणजे ती दवंडी फिरून फिरून परत येते, तिच्या प्रति वाढत जातात, आणि क्षणांत रस्ता इतका भरतो कीं खऱ्या पाकिटास जागाच उरत नाहीं. यावर रेडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं उपाय शोधला: स्विचांनीं आपसांत बोलून वर्तुळ ओळखावें आणि एक दार आपण होऊन बंद ठेवावें. गोदामांतील लहान पेटीस ही विद्या येत नव्हती, आणि मुख्य स्विचच्या त्या दारावर हें संरक्षण कोणीं तरी पूर्वीं काढून ठेवलें होतें. हें मामांना ठाऊक नव्हतें. पुतण्यास तें तोंडपाठ होतें. त्यानें वीस मिनिटांत सर्व दारांवर संरक्षणाच्या आज्ञा लिहिल्या. मामा म्हणाले, "बारा वर्षांत अशा केबली मीं कितीदां उपटल्या असतील. पुन्हां होऊंच नये असें करतां येतें, हें मला आज कळलें."

त्या रात्रीनें माझा निवाडा मला परत दाखविला. मी सुश्रुताचा नववा अध्याय सांगितला होता आणि दहावा विसरलों होतों. वैद्यानें व्यवसायांत पाऊल केव्हां टाकावें हें त्या दहाव्या अध्यायाच्या आरंभीं सांगितलें आहे. त्यानें शास्त्र पढलेलें असावें, त्याचा अर्थ जाणलेला असावा, दुसऱ्याचें कर्म डोळ्यांनीं पाहिलेलें असावें, स्वतः सराव केलेला असावा, आणि मग राजाची अनुज्ञा घ्यावी. आजचें सर्टिफिकेट ही ती अनुज्ञा. माझ्या पुतण्यानें शास्त्र पढलें, सराव केला, अनुज्ञाहि मिळविली. मधली एक पायरी, जाणत्याचें कर्म जवळ उभें राहून पाहणें, तेवढी मीं त्याच्याकडून गाळविली. माळ्यावर बिघाड होई तो त्याच्याच आज्ञेंत होई, म्हणून बिघाड आज्ञेंतच असतो असा त्याच्या बुद्धीचा ग्रह झाला. कारकुनाच्या टापटिपीचा धडा कोणत्याहि पॅकेट ट्रेसरांत नाहीं.

परंतु यावरून "अनुभव तोच खरा" असा निष्कर्ष काढणारांसहि मी सावध करीन. मामांचा अनुभव बारा वर्षांचा, पण एकाच ठेकेदाराच्या पांचसहा कारखान्यांचा. तेथें जें मोडतें तें त्यांना येतें. जें तेथें नाहींच, त्याची त्यांना वार्ता नाहीं. नोकरी मनुष्यास खोल नेते, पण अरुंद विहिरींत; घरचा अभ्यास त्यास सारें शिवार दाखवितो, पण पाणी लागेपर्यंत खणूं देत नाहीं. याचें फळ मामांना भोगावें लागलें होतें. दोनदां त्यांच्या वरची जागा रिकामी झाली, दोन्ही वेळां ती सर्टिफिकेट असलेल्या नवख्या मुलास मिळाली, आणि त्या मुलांस काम मामांनींच शिकविलें. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, या दोघांसहि सुश्रुतानें एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे.

ज्या घरीं आज हा प्रश्न असेल तेथील वडील मंडळींस माझें सांगणें थोडक्यांत असें. माळ्यावरच्या प्रयोगशाळेस हंसूं नका, आणि तिच्यावर फार पैसाहि ओतूं नका. फुकट साधनावर बहुतेक सर्व अभ्यास होतो, एकदोन जुनीं यंत्रें पुरेत. सरावांत बिघाड मात्र दुसऱ्यानें करावा. आमच्या घरीं हें काम शाळेंत जाणाऱ्या पुतणीकडे आहे; भाऊ खालीं जेवावयास गेला कीं ती एकादी केबल ढिली करून ठेवते. प्रत्येक बिघाडाची टिपणवही ठेवावी: काय दिसलें, काय तपासलें, काय निघालें. मुलाखतींत ही वही दाखविण्यासारखी असते. मात्र सरावास अनुभव म्हणूं नये. तसेंच, परीक्षेंतील चोरलेले प्रश्न पाठ करून मिळविलेलें सर्टिफिकेट पहिल्याच रात्रीं उघडें पडतें.

आणि लहान नोकरी आली तर ती अभ्यासाची शत्रु मानूं नये. पगारापेक्षां तेथें कोणी मामा आहे का, आणि यंत्रास हात लावूं देतात का, हें पाहावें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वयें विद्यावेतन घेऊन कारखान्यांत शिकतां येतें. शासकीय आय्.टी.आय्.मध्यें संगणक व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम असतो. आपल्या विद्यापीठाच्या आवारांत नायलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे. मोठ्या फीच्या खासगी वर्गांकडे धांवण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी. सकाळीं कारखाना आणि रात्रीं माळा, असा क्रम वर्षभर चालला तर परीक्षा आपल्या पायांनीं घरीं येते.

आतां रविवारीं दुपारीं मामा आमच्या माळ्यावर येतात. पुतण्या त्यांना शास्त्र शिकवितो. ते त्याला दिवे वाचावयास शिकवितात. इंग्रजीपेक्षांहि त्यांना अडलें तें पत्त्यांचें गणित, शून्य आणि एक यांचें. तेथें माझा थोडा उपयोग झाला. जाळ्यांतील नेहमींचा पत्ता चार खंडांचा, प्रत्येक खंडांत आठ स्थानें, मिळून बत्तीस. अनुष्टुभाचेहि चरण चार, प्रत्येकीं अक्षरें आठ, मिळून बत्तीस. तेथें शून्य किंवा एक, येथें लघु किंवा गुरु. छंदाचे इतर नियम क्षणभर बाजूस ठेवले, तर आठ अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेद २५६ होतात. पत्त्याच्या एका खंडांतहि ० पासून २५५ पर्यंत तितकेच अंक मावतात. पिंगलाचा प्रस्तार मीं पाटीवर मांडून दाखविला, आणि मामांनीं तो दोन रविवारांत आत्मसात् केला.

ते मार्गशीर्षांत परीक्षेस बसणार आहेत. फीचे पैसे त्यांनीं मुलीच्या लग्नाकरितां ठेवलेल्या रकमेंतून काढले, हें मला मागाहून कळलें. मी म्हटलें, "मामा, नापास झालांत तर?" ते म्हणाले, "गुरुजी, पुन्हां बसेन. नोकरी तर चालूच आहे."